‘येतो’ म्हणजे कुठे?

बाबा माणसांना त्यांच्या खिडक्यांवरून ओळखायचे. आमचं पडद्यांचं दुकान होतं, अबुधाबीच्या जुन्या भागात, हमदान स्ट्रीटच्या मागच्या बाजूला, आणि दुकानाच्या बरोबर वर, त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं. आजूबाजूच्या इमारतींमधल्या निम्म्याअधिक खिडक्यांची मापं बाबांनी स्वतः स्टुलावर चढून घेतली होती. त्यामुळे रस्त्यात कुणी सलाम केला की ते आधी मान हलवायचे आणि मग माझ्या कानाशी म्हणायचे, "सात फूट बाय पाच, फिकट हिरवा, अस्तर नको म्हणाला होता." नाव विचारलं तर आठवायचं नाही. संध्याकाळच्या चहाला ते वर यायचे, कप घेऊन आमच्या खिडकीशी उभे राहायचे आणि समोरच्या इमारती वाचायचे. हो, वाचायचेच, दुसरा शब्द नाही. "सहाव्यावरचे बँकवाले गेले," एखाद्या दिवशी म्हणायचे. आई आतून विचारायची, "कशावरून?" "पडदे काढलेत. सुट्टीला जाणारा माणूस पडदे ओढून जातो, काढून नाही जात." मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते. त्या एका वर्षात बाबांनी हे इतक्यांदा म्हटलं की शेवटी आईने ‘कशावरून’ विचारणं सोडून दिलं.

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत आईचं शिलाई मशीन, कापडाचे तागे, इस्त्रीचं टेबल, आणि उरलेल्या जागेत आम्ही तिघं. पडद्याला खिडकीच्या अडीचपट कापड लागतं, तेव्हा कुठे चुण्या नीट पडतात. त्यामुळे आमच्याकडे कापडाचा महापूर असायचा, आणि माझा दहावीचा बहुतेक अभ्यास कुणाच्या तरी बेडरूमच्या पडद्यावर मांडी घालून झालेला आहे. खिडकीतला एसी म्हातारा होता. सुरू होण्याआधी तो दोनदा खाकरायचा आणि बंद झाल्यावरही बराच वेळ ठिबकत राहायचा. मशीनची घरघर, इस्त्रीची वाफ, खाली गल्लीत टॅक्सीवाल्यांची हुज्जत, समोरच्या मशिदीची बांग, आणि या सगळ्यांच्या वर आईचा आवाज. आई कुणाशी बोलत नसली तरी बोलत असायची. "पाच दिरहमला कोथिंबीर! म्हणजे साठ रुपये झाले की! साठ रुपयांत चिपळूणला अख्खा मळा येईल." मळा येणार नाही हे तिलाही ठाऊक होतं, पण चिपळूणचा विषय निघाला की तिला धरबंध राहायचा नाही. मी उत्तर द्यायची ते इंग्रजीत. "आई, इट्स जस्ट धनिया." "आधी कोथिंबीर म्हण, मग बोल माझ्याशी." मराठी मला सगळी समजायची, पण बोलताना शब्द चिमट्याने उचलल्यासारखे एकेक करून बाहेर यायचे. आज मी पानंच्या पानं मराठीत लिहितेय हे बघून आईला हसू फुटलं असतं. ही मराठी मी फार उशिरा, हट्टाने शिकले. का शिकले ते याच प्रकरणात आहे.

आमच्या दुकानाला लागून हमीदचाचांचं बॅगांचं दुकान. चाचा दापोलीचे, बाबा चिपळूणजवळचे. दोघं एकाच वर्षी तिथे आले, एकाच खोलीत सहा जणांबरोबर राहिले, आणि पुढे दोघांनी शेजारी शेजारी गाळे घेतले. गाळ्यांमधल्या भिंतीला वरच्या बाजूला वीतभर फट होती. त्या फटीतून दिवसभर संभाषण चालायचं. गिऱ्हाईक समोर असलं तरी चालायचं. "दत्ता, चहा सांगू?" "सांग, कडक सांग." शुक्रवारी नमाज झाली की रुकय्याचाची डबा घेऊन वर यायची. कधी आकणी, म्हणजे मटणाचा भात, कधी सांदण आणि सोबत झाकलेल्या वाटीत नारळाचा रस. आई बदल्यात घावन आणि सोलकढी करायची. मीना मार्केटमधून बाबा सुरमई आणायचे, तिला तिथे कनद म्हणतात, आणि तिचे तुकडे किती जाड कापावेत यावर बाबा आणि चाचा दर शुक्रवारी नव्याने भांडायचे. चाची आईला म्हणायची, "वहिनी, यांना लग्न एकमेकांशीच करायचं होतं, आपण उगाच मधे आलो." मला आठवतं तेवढं माझं बालपण त्या फटीतून आलेल्या आवाजांनी भरलेलं आहे.

मग आमचा भाग रिकामा व्हायला लागला. आधी ऑफिसं गेली, काचेच्या नव्या टॉवरांमध्ये. त्यांच्यामागे दुपारच्या जेवणाची हॉटेलं गेली. मग कुटुंबं निघाली. मुसफ्फाच्या बाजूला मोहम्मद बिन झायद सिटीत मोठाले व्हिला होते, त्यांचे भाग पाडून भाड्याने मिळायचे, अंगण मिळायचं, आणि मुख्य म्हणजे दारात गाडी लागायची. आमच्याकडे गाडी लावायला जागा शोधत लोक अर्धा तास फिरायचे आणि कंटाळून मॉलमध्ये जायचे. सुरुवातीला चाचांचा धंदा मात्र जोरात होता, कारण जाणाऱ्याला बॅग लागतेच. "दत्ता, तुझा पडदा पडला की माझी बॅग खपते," असं ते फटीतून ओरडायचे आणि स्वतःच हसायचे. पण गेलेला माणूस दुसरी बॅग घ्यायला परत येत नाही. वर्षभरात त्यांचंही हसणं कमी झालं. दुपारच्या चहाला सगळे दुकानदार आमच्या पायरीवर जमायचे आणि एकच वाद घालायचे. एक म्हणायचा, पार्किंग नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही. दुसरा म्हणायचा, दुकानं कळकट म्हणून येत नाही. तिसरा म्हणायचा, सब ठीक हो जाएगा, इन्शाल्ला, हा भाग म्हणजे शहराचा जीव आहे, जीव कुठे जातोय. बाबा चहा पिता पिता वर बघत राहायचे. त्यांच्या नजरेसमोर उघड्या खिडक्या असायच्या.

आता माझं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला त्या जागेची लाज वाटायची. मागच्या गल्लीतले कचऱ्याचे डबे, त्यांवरची मांजरं, डोक्यावर टपकणारं एसीचं पाणी, जिन्यातला तळणीचा वास, सगळ्याची. शाळेत माझी एक मैत्रीण होती, टीना, मोहम्मद बिन झायद सिटीत राहणारी. तिच्या व्हिलाच्या भिंतीवर बोगनवेल होती आणि तिला स्वतःची खोली होती, जिच्यात कापडाचा एकही तागा नव्हता. एकदा तिच्याकडे राहून आले आणि महिनाभर आईबाबांशी धड बोलले नाही. बाबांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "नथिंग." त्यांनी आईकडे बघितलं, आईने मशीन सुरू केलं. मोठी माणसं मुलांच्या मनातलं ओळखत नाहीत असं मुलांना वाटतं. मलाही वाटायचं.

त्याच सुमाराला आमची इमारत एका नव्या कंपनीने घेतली. तळमजल्यावर आम्ही अकरा दुकानदार. प्रत्येकाला पत्र आलं की इमारतीची डागडुजी होणार आहे, या भागाला नवं रूप मिळणार आहे, आणि दुकानदारांपुढे दोन पर्याय आहेत. एक तर कंपनीने मोहम्मद बिन झायद सिटीच्या कडेला बांधलेल्या नव्या सेंटरमध्ये गाळा घ्या, नाहीतर आहात तिथे राहा आणि काम चालू असताना जी गैरसोय होईल ती सोसा. पत्र मीच वाचून दाखवलं, पायरीवर उभी राहून, अकरा जणांना. हमीदचाचा म्हणाले, "सीधी बात आहे. अकराचे अकरा राहिले तर त्यांना तळमजला तुकड्यातुकड्याने दुरुस्त करावा लागेल. एक जरी हलला, तर बाकीच्यांना हलवायला वेळ लागणार नाही. बोला, कोण हलणार?" कुणी हललं नाही. एकेकाने हातावर हात ठेवला. सगळ्यात वर बाबांचा हात होता. ते म्हणाले, "इथल्या खिडक्या मी शिवल्यात. मला तिकडे कोण ओळखतं?" पायरीवर त्या दिवशी चहा कुणी पाजायचा यावरून खरंच मारामारी व्हायची बाकी होती.

कंपनीचं ऑफिस दुबईला, जुमेरा लेक टॉवर्समध्ये. प्रत्येक दुकानदाराला वेगळं बोलावलं होतं. बाबांची आणि चाचांची वेळ एकाच सकाळी, एकामागोमाग. चाचांच्या व्हॅनमध्ये मागे बॅगा, पुढे आम्ही तिघं. मी दुभाषी. बाबांना हिंदी येत होतं, कामापुरतं अरबी येत होतं, पण इंग्रजी बोलायची वेळ आली की ते माझा खांदा पुढे करायचे. "आमची मिनू बोलेल. इंग्लिश मिडियम आहे," हे वाक्य ते ज्या सुरात म्हणायचे, तो सूर मला अजून ऐकू येतो. माझ्या शाळेसाठी आईने किती पडदे शिवले असतील कोण जाणे. मला त्या सुराचा तेव्हा कंटाळा यायचा.

ऑफिस तिसाव्या मजल्यावर होतं. खाली तळं, आजूबाजूला टॉवर, आणि सगळीकडे काच. बाबा काचेपाशी जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "इथे कुणालाच पडदा नको." चाचा बाहेर बसले. आत ज्या बाई होत्या त्यांचं नाव रीमा, लेबनॉनच्या, वयाने तरुण, आवाजाने गोड. त्यांनी आम्हाला खजूर दिले, कॉफी दिली, टेबलावर नव्या सेंटरची चित्रं पसरली. चित्रांत मुलं फुगे घेऊन पळत होती. "कम विथ अस," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "सूनर ऑर लेटर, एव्हरीवन विल कम." बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग ते बोलले. बाबा इतकं सलग बोललेले मी क्वचितच ऐकलेत. ते म्हणाले की मी या भागात आलो तेव्हा समोरची इमारत उभी नव्हती, तिच्या पहिल्या खिडकीचा पडदा मी शिवला, त्या घरातल्या मुलीच्या लग्नानंतर तिच्या घरचाही शिवला. माणूस जागा बदलतो तेव्हा पडदा मापाचा राहत नाही, तसं माझंही आहे. आणि आम्ही अकरा जण एकमेकांना शब्द देऊन बसलोय. रीमाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "ही सेज ही लाइक्स इट देअर." बाबांच्या एवढ्या मोठ्या बोलण्याचं मी इतकंसं केलं. बाबांनी आशेने बघितलं, बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का. काही उमटलं नाही.

मग बाबा उठले. कॉफीचा कप त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला, किंचित वाकले आणि म्हणाले, "बरं, येतो मग."

आपल्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी जिना उतरताना बाबा ‘येतो गं’ म्हणायचे आणि आई आतून ‘या’ म्हणायची. पण रीमाबाईंनी विचारलं, "व्हॉट डिड ही से?" आणि सकाळपासून शब्दाला शब्द लावून माझी जीभ तशीच वळली होती. मी म्हटलं, "ही सेज ही इज कमिंग." इथपर्यंत ती चूक होती. शपथेवर सांगते, इथपर्यंत चूकच होती. बाईंनी भुवया उंचावल्या. "कमिंग? टु द न्यू सेंटर?" आता माझ्यापाशी वेळ होता. फार नाही, पण ‘नो, नो, इट्स जस्ट अवर वे ऑफ सेइंग बाय’ म्हणण्याइतका भरपूर होता. मला बोगनवेल दिसली. तागे नसलेली खोली दिसली. मी म्हटलं, "येस."

बाई उठून उभ्या राहिल्या. "मबरूक!" अभिनंदनासाठी त्यांनी हात पुढे केला. बाबांनी तो हातात घेतला, "शुक्रन, शुक्रन" म्हणाले. बाईंनी समोरच्या कागदावर खूण केली. बाहेर आलो तर चाचा उठून आत निघाले होते. मी त्यांच्याबरोबर आत गेले आणि त्यांचं बोलणं मात्र स्वच्छ, ठणठणीत इंग्रजीत सांगितलं. ही सेज नो. ही विल नॉट मूव्ह. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, वकील आहे वकील!" परतीच्या वाटेवर तासाभराच्या रस्त्यात दोघं मला खूश वाटले. चाचांनी पेट्रोल पंपावर थांबवून मला आइस्क्रीम घेऊन दिलं. ते मी खाल्लं. आजही सांगताना तेच सगळ्यात जड जातं. मला वाटलं होतं की एकदा सांगून टाकू, घरी गेल्यावर सांगू, उद्या सांगू. आणि मी मूग गिळून बसले.

आठवड्याने लिफ्टच्या दारावर यादी लागली. अकरा दुकानांचे नंबर, पुढे इंग्रजीत दोन रकाने. दहांपुढे खूण एका रकान्यात, एकापुढे दुसऱ्यात. शाळेतून आले तेव्हा लिफ्टपाशी कुणी नव्हतं. यादी मी वाचली आणि जिन्याने वर गेले. आईने चहाचा ट्रे माझ्या हातात दिला, "खाली सगळे जमलेत, नेऊन दे." मी ट्रे घेऊन खाली आले तेव्हा आमच्या दुकानाच्या दारात नऊ जण उभे होते आणि आत, काउंटरच्या अलीकडे, हमीदचाचा. बाबा कापड कापत होते. त्यांनी कात्री खाली ठेवली होती पण अंगठा कात्रीतच होता.

"दत्ता, यादीत काहीतरी घोटाळा आहे," चाचा म्हणाले. "तू आत नेमकं काय बोललास?"

"निघताना ‘येतो’ म्हटलं," बाबा म्हणाले.

चाचांचा चेहरा एकदम मोकळा झाला. बाकीच्यांना हिंदीत सांगायला ते वळलेसुद्धा. हे फक्त त्यांनाच कळणार होतं, त्या गल्लीत दुसऱ्या कुणाला नाही. मग काही सुचून ते पुन्हा बाबांकडे वळले, हसत, मस्करी केल्यासारखं. "येतो म्हणजे कुठे रे बाबा? आपण निघताना म्हणतो तसं येतो, की तिकडे येतो?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी नजर खाली ट्रेकडे वळवली.

"तिकडे येतो," बाबा म्हणाले.

"काय बोलतोस?"

"तिकडे येतो म्हटलं मी. ठरवलंय."

कुणीतरी मागून "खलास" म्हणालं. चाचा उभेच होते. मग ते फार हळू आवाजात म्हणाले, "मग गाडीत का नाही सांगितलंस? एक तास माझ्या शेजारी बसला होतास." बाबांनी कात्रीतून अंगठा सोडवला. चाचांनी ट्रेमधला आपला पेला उचलला नाही, बाकीच्यांनीही नाही. सगळे गेल्यावर बाबांनी तो सगळा चहा एकेक करून बेसिनमध्ये ओतला, पेले विसळले आणि पुन्हा कात्री हातात घेतली. मी वर पळाले. मला वाटलं, बाबांना कंपनीनेच फसवलं असं वाटतंय आणि दहा माणसांसमोर आपण फसलो हे मान्य करणं त्यांना जमलं नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आई त्यांना नेहमी म्हणायची, तेच मी स्वतःला सांगितलं. सोयीचं होतं ते.

भिंतीच्या फटीत त्याच संध्याकाळी चाचांनी बॅगेचा पुठ्ठा खोचला. शुक्रवारचा डबा बंद झाला. रुकय्याचाची जिन्यात दिसली की आईचा हात धरायची, पण बोलायची नाही, आणि आई वर येऊन मशीनवर बसायची व नुसती बसून राहायची. पंधरा दिवसांत आणखी दोघांनी सेंटरला होकार दिला, मग चौघांनी. चाचा म्हणाले होते तसंच झालं. आम्ही निघालो त्या सकाळी चाचा दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसले होते. बाबा शटरपाशी जाऊन थोडे थांबले. मग टेम्पोत बसले.

नव्या सेंटरमध्ये फुगेवाली मुलं काही आली नाहीत. एक फार्मसी, एक लाँड्री, आमचं दुकान आणि बाकी बंद काचा. त्या व्हिलांमध्ये खिडक्यांना रोलर पडदे लागायचे, कंपनीची माणसं येऊन तासाभरात लावून जायची. चुण्यांचा पडदा तिथे कुणाला हवा होता? बाबा काउंटरवर दिवसभर बसायचे, टेप गळ्यात अडकवून. बोगनवेल आम्हाला मिळाली नाही. मिळाली ती एका व्हिलाच्या मागची दीड खोली, आणि तिला खिडकी एकच होती, समोरच्या भिंतीकडे बघणारी. टीना त्याच वर्षी कॅनडाला गेली. शाळेतून येताना मी मुद्दाम सेंटरच्या मागच्या रस्त्याने यायची, कारण पुढून आलं की काचेतून बाबा दिसायचे. मला तिथे एक दिवससुद्धा बरं वाटलं नाही. पण ते सांगायचं कुणाला? मीच तर आणलं होतं सगळ्यांना.

आमची जुनी इमारत त्यानंतर बरीच वर्षं पत्र्यांच्या कुंपणाआड उभी होती. पत्र्यांवर नव्या रूपाची चित्रं होती, ती उन्हाने आधी निळी झाली, मग पांढरी. अलीकडे म्हणे त्या भागाला पुन्हा दिवस येणार आहेत. एकदोन कॉफीची दुकानं निघालीत, तरुण मुलं येऊन जुन्या जिन्यांचे फोटो काढतात, कुणीतरी झाडं लावलीत, फुटपाथ रुंद केलाय. गेल्या खेपेला मी तिथे तासभर फिरले. चांगलं वाटायला हवं होतं. जिथे आमची पायरी होती तिथे आता लाकडी बाक आहे, आणि त्यावर बसलेल्या मुलाला मी विचारलं की इथे पूर्वी काय होतं. तो म्हणाला, "नथिंग, आय थिंक. इट वॉज एम्प्टी." जागा पुन्हा भरते, याबद्दल मला आता शंका नाही. ज्यांना तिथून काढलं त्यांच्यासाठी ती भरत नाही, एवढंच.

हमीदचाचा सगळ्यात शेवटी निघाले. कंपनीने एसी तोडला होता तरी उन्हाळाभर बसले होते असं नंतर कळलं. मग दापोलीला गेले. चिपळूण ते दापोली अंतर ते किती! बाबाही पुढे गावी परतले, पण दोघं भेटले नाहीत. बाबांनी दोनदा निरोप पाठवला. उत्तर आलं नाही.

चाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी योगायोगाने गावी बाबांपाशी होते. आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. दुपारची वेळ, बाबा पडवीत बसून शेजाऱ्यांच्या खिडकीसाठी पडद्याला हाताने पट्टी शिवत होते. फोन मीच घेतला. त्यांना सांगितलं. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली, चष्मा काढला आणि तो बराच वेळ पुसला. त्यांना रडताना बघायची मला सवय नव्हती. ते रडलेही नाहीत. म्हणाले, "सुरमईचे तुकडे जाडच कापायला हवेत म्हणायचा." आणि मग माझ्याच्याने राहवेना. इतकी वर्षं शिकून तयार ठेवलेली मराठी त्या वेळी माझ्या हाताशी होती, म्हणून मी ती वापरली.

"बाबा, त्या दिवशी ऑफिसात तुम्ही फक्त निघायचं म्हणून ‘येतो’ म्हणालात. मी चुकीचं सांगितलं. पण त्या बाईंनी मला परत विचारलं होतं, नव्या सेंटरला येणार का म्हणून. आणि मी येस म्हटलं. मुद्दाम."

बाबांनी चष्मा पुन्हा घातला.

"येस आणि नो एवढं इंग्रजी मला तेव्हाही येत होतं, मिनू."

बाहेर कुणीतरी लाकडं फोडत होतं, ते थांबलं. "मग तिथेच का नाही बोललात?" मी विचारलं.

"बोलणार होतो. तुझ्याकडे बघितलं तर तू हसत होतीस. वर्षभरात घरात तुला हसताना बघितलं नव्हतं. म्हटलं, हिला एवढं जायचंय तर जाऊ."

"आणि चाचांना? त्यांना तरी सांगायचं. ते विचारत होते, बाबा, वाट काढून देत होते तुम्हाला."

"कसं सांगणार? तुझं नाव घ्यावं लागलं असतं. दहा जण उभे होते. तू ट्रे घेऊन उभी."

"नंतर? एकट्याला?"

"नंतर तो भेटलाच नाही," बाबा म्हणाले. त्यांनी सुई शोधली, दोरा डोळ्यासमोर धरला, पण ओवला नाही. मग माझ्याकडे न बघता, एखाद्या गिऱ्हाइकाला पडदा पसंत पडला का विचारावं तसं, थोडं भीत भीत त्यांनी विचारलं, "तिथे गेल्यावर तरी बरं वाटलं ना गं तुला?"

मी हो म्हणाले.